पालथी करवंटी

"बोटींचे पंखे तू काढलेस का?"

मी दारातूनच विचारलं. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. टेकबहादूर चुलीसमोर उकिडवा बसून सुके बोंबील भाजत होता. त्याची बायको सुनमाया मांडीवरच्या पोरीला घेऊन उठायला लागली, तिला मी हातानेच बस म्हटलं.

टेकबहादूरने बोंबील उलटला, फुंकर मारली आणि म्हणाला, "मी काढले असते मालकीण, तर पहिला तुमचा काढला असता. अख्ख्या बंदरात नवा पंखा तुमच्याच बोटीला आहे."

दुसरा कुणी असता तर पायावर पडला असता, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या असत्या. हा बोंबील भाजत राहिला. मला त्याचं म्हणणं पटलं आणि त्याचा रागही आला. हे असलं गावकीत बोलू नकोस, असं मी त्याला बजावलं.

"मला तिथं बोलू कोण देतंय?" तो म्हणाला.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या दोन दिवसांतलं सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं, कारण आयुष्यात एवढी मजा आणि एवढी भीती मला एकदम कधी वाटली नाही.

आमचं नांदखोल बंदर तसं लहान. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा बोटी काठावर ओढून झापांनी शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात ढकलायच्या. बोटीच्या मागे पाण्यात फिरतो तो पंखा चांगल्या पितळेचा असतो. त्या वर्षी पौर्णिमा तोंडावर आली, लोकांनी शाकारणी उघडली, तर तीन बोटींचे पंखे गायब. एक जनार्दन चोगल्याच्या बोटीचा, दोन त्याच्या शेजारच्यांचे. माझी बोट त्यांना लागूनच उभी. तिचा पंखा जागच्या जागी.

झालं. लोकांना आणखी काय पाहिजे? खलाशी सगळीकडे नेपाळचेच. पण पावसाळ्यात ते आपापल्या मुलखात जातात. त्या वर्षी बायको बाळंत झाली म्हणून माझा टेकबहादूर तेवढा मागे राहिला होता. चोरीच्या वेळी बंदरात बाहेरचा माणूस एकच, आणि त्याच्या मालकिणीची बोट शाबूत. पोराटोरांनीसुद्धा निकाल लावून टाकला.

माझा नवरा गेला तेव्हा मुलगा मुंबईला कारकुनी करत होता. त्याला समुद्राचा वास सहन होत नाही. बोट विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं, सगळ्यांत आधी जनार्दनने, कारण त्यालाच ती घ्यायची होती. मी विकली नाही. टेकबहादूरला खलाशाचा तांडेल केला, म्हणजे बोट त्याच्या हातात दिली. बाहेरच्याला तांडेल करणारी बंदरात मी पहिली. त्यावरून मला काय काय ऐकवलं गेलं ते इथे लिहिता येणार नाही, आणि मी त्यांना काय ऐकवलं तेही नाही. पण माझ्या बोटीने कधी रिकाम्या टोपल्या आणल्या नाहीत. आता टेकबहादूरला घालवला तर माझी बोट काठावरच कुजणार आणि जनार्दन ती भंगाराच्या भावात मागायला येणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळी विणायच्या शेडमध्ये गावकी बसली. आज असली गावकी बसवाल तर कायदा आडवा येतो आणि बरंच आहे ते. तेव्हा आमचा निवाडा तिथेच व्हायचा. बोलायचा हक्क बोटीला, म्हणजे एका बोटीचा एक आवाज. म्हणून बाईमाणूस असून मी आणि बोटी असलेल्या आणखी दोन विधवा पुढे बसलो होतो. बाकीच्या बायका मागे भिंतीला टेकून. बिनबोटीची मंडळी दाराशी. टेकबहादूरला येऊ नकोस म्हटलं होतं, तरी आला. आत पाऊल टाकलं नाही, बाहेर जाळ्याच्या ढिगावर बसून सुई चालवत राहिला.

आमच्या गावकीची एक रीत होती. आधी शिक्षा, मग नाव. चोर कोण याचा शोध एकट्या पाटलाने घ्यायचा, खात्री करायची आणि तोंड शिवून बसायचं. गावाने गुन्ह्याची शिक्षा ठरवायची. ती ठरली की पाटलाने नाव सांगायचं. प्रत्येक बोटवाल्यापुढे एक करवंटी ठेवलेली असायची. शिक्षा मान्य तर करवंटी उताणी, अमान्य तर पालथी. एकदा ठरलेली शिक्षा पुन्हा चर्चेला घ्यायची असेल तर ती मागणी ज्याची करवंटी पालथी होती त्यानेच करायची. हो म्हणणाऱ्यांना मागे फिरायची मुभा नव्हती.

हिराजी पाटील सकाळीच तालुक्याच्या भंगारबाजारात जाऊन आले होते. आल्यापासून त्यांचा चेहरा असा पडलेला, जसं काही त्यांच्याच घरी कुणी गेलंय. मी मनात म्हटलं, मेलं, माझ्याच माणसाचं नाव घेऊन आलेत.

जनार्दन उभा राहिला. बोलायला तो चांगला, हे मान्य करावंच लागेल. त्याने आधी पंख्याचं दुःख सांगितलं, मग बंदराचं. पूर्वी आपण दारं उघडी टाकून लग्नाला जायचो, असं म्हणाला. आता बायका एकट्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत जायला घाबरतात. मग म्हणाला, आपल्यातला कुणी चुकला तर कुणाच्या दारात जायचं ते आपल्याला ठाऊक असतं. त्याचा बाप ठाऊक, मामा ठाऊक. हे लोक कुठल्या डोंगरातून आले, तिथे यांनी काय केलं, कुणाला विचारणार?

हे त्याचं बोलणं मला आतून लागलं. खरंच होतं ते. टेकबहादूरचं गाव कुठे आहे ते मलाही सांगता आलं नसतं. पण तोंडावर मी काही दिसू दिलं नाही.

मग रघुवीर मास्तरांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि त्यांच्या नावावर एक लहान बोट. त्यांनी चष्मा लावून वाचलं की तालुक्यात चोरीत पकडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आलेले. हे मी म्हणत नाही, म्हणाले, पोलिसांचे आकडे म्हणतात.

शेडमध्ये माना हलल्या. मला बसवेना.

"मास्तर, गेल्या शिमग्याला सोसायटीचं डिझेल कुणी विकलं?" मी विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढला. कुणी विकलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. विकणारा तिथेच बसला होता आणि छपराकडे बघत होता.

"त्याला पोलिसात दिला का आपण? नाही दिला. इथेच कान धरायला लावले आणि भरून घेतलं. आपला चोर गावकीत येतो आणि बाहेरचा चोर चौकीत जातो. मग चौकीतल्या वहीत नावं कुणाची मिळणार, माझ्या सासूची?"

मागे बायका खुदखुदल्या. मास्तरांना राग आला नाही, उलट ते विचारात पडले. मुद्दा आहे, असं हळूच म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, पण तुमची बोट तेवढी वाचली, याचं काय? बोटीखाली टेकबहादूर झोपतो म्हणून, असं मी म्हटलं, आणि म्हटल्या म्हटल्या कळलं की हे आगीत तेल झालं. जनार्दन टाळी वाजवून हसला. राखणदार शेजारी झोपलेला आणि त्याच्या नाकासमोर तीन पंखे निघाले, ऐकलंत ना, म्हणाला.

मग त्याने शिक्षा मांडली. चोराला बंदरबंदी. जेटी बंद, बर्फ बंद, लिलाव बंद, आणि पौर्णिमेच्या आत गावाबाहेर.

पाटील म्हणाले, "एकट्यालाच?"

जनार्दनने दाराबाहेर नजर टाकली. टेकबहादूरची सुई चालूच होती. "एकट्याला कशाला? बायकापोरं मागे ठेवून तो रात्रीबेरात्री परत येणार. चोर आणि त्याच्या चुलीवर जेवणारे सगळे."

"सगळे?" पाटलांनी विचारलं. "नीट विचार कर, जनार्दन. तान्हं पोर असलं तरी?"

"पाटील, तुम्ही फार मऊ झालात. सगळे म्हणजे सगळे. आणि हे झालं की दुसरा ठराव माझा, या बंदरात यापुढे बाहेरचा खलाशी नको."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते तेव्हा कळलं नाही. मी उठले.

मी त्यांना सांगितलं की हाकललेला माणूस कुठे तरी जातोच. पलीकडच्या बंदरात जाईल आणि तिथले पंखे काढेल, म्हणजे आपण शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकल्यासारखं झालं. त्यापेक्षा त्याला इथेच बांधून ठेवा. ज्यांचे पंखे गेले त्यांच्या बोटीवर एक हंगाम बिनहिश्शाने, मासळीतला वाटा न घेता राबू दे. भरून निघेल आणि डोळ्यांसमोर राहील. घरच्यांनी काय केलंय? चूल काय चोरी करते? आणि बाहेरचे खलाशी नकोत म्हणता, तर जाळी ओढणार कोण, तुमचे मुलगे? ते तर नाक्यावर मोटारसायकलीच्या आरशात भांग पाडत बसलेत.

हे शेवटचं बोलायला नको होतं. ज्यांचे मुलगे नाक्यावर होते ते सगळे माझ्या विरोधात गेले, आणि नाक्यावर मुलगा नाही असं घर बंदरात नव्हतं.

पाटलांनी करवंट्या फिरवायला सांगितलं. एकेक उताणी होत गेली. मास्तरांचा हात थांबला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, जनार्दनकडे बघितलं, आणि त्यांचीही उताणी झाली. माझ्या बाजूला बसलेल्या त्या दोन विधवा, त्यांना रोज जनार्दनच्या गाडीतून मासळी पाठवावी लागे. त्यांनी मान खाली घालून उताणी केली. मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला होता, मोठ्याने.

साऱ्या शेडमध्ये एकच करवंटी पालथी राहिली. माझी.

"ठरलं?" पाटलांनी विचारलं.

"ठरलं," जनार्दन म्हणाला. "सांगा नाव."

पाटील उभे राहिले. म्हातारा माणूस, गुडघ्यावर हात टेकून उठला. भंगारवाल्याकडे तिन्ही पंखे मिळाले, असं त्यांनी सांगितलं. विकणारा स्वतः येऊन विकून गेला. भंगारवाल्याने त्याला ओळखलं, कारण तो त्याच्याच टपरीशेजारी क्रिकेटच्या सट्ट्यावर रोज बसतो.

"महेंद्र चोगले," पाटील म्हणाले. "जनार्दनचा धाकटा भाऊ."

मी जमिनीला हात टेकला. महेंद्र दाराशीच चहाचा ग्लास घेऊन उभा होता. तिशी उलटलेला, दाढी कोरलेला गडी, बाशिंग बांधायला निघाल्यासारखे इस्त्रीचे कपडे. त्याच्या हातातला चहा त्या कपड्यांवर सांडला आणि तो भिंतीला घसरत खाली बसला. जनार्दन त्याच्याकडे धावला, मारायला की विचारायला ते त्यालाही ठाऊक नसावं. महेंद्र मान वर करीना.

"स्वतःच्या घरच्या बोटीचा?" जनार्दन म्हणाला. "माझ्या बोटीचा पंखा?"

"तुझा घेतला नसता तर संशय आला असता," महेंद्र म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनीच्या बोटीकडेही गेलो होतो. खाली तो टेकबहादूर घोरत होता."

मागे कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण तोपर्यंत एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला होता. महेंद्र जेवतो कुठे? जनार्दनच्या घरी. चोगल्यांची चूल एक. चोर आणि त्याच्या चुलीवर जेवणारे सगळे. जेटी बंद, बर्फ बंद, लिलाव बंद. जनार्दनची बोट, जनार्दनची गाडी, जनार्दनची बायको शालन आणि तिची तीन पोरं, पौर्णिमेच्या आत गावाबाहेर. आणि ही शिक्षा ओरडून ओरडून मागितली कुणी?

आता पाटलांनी तान्ह्या पोराचं का विचारलं होतं ते मला कळलं. शालनचं धाकटं अजून अंगावर पीत होतं. म्हातारा तिथे बसून जनार्दनला वाचवायला बघत होता, मी तरी विरोध करावा म्हणून माझ्याकडे पाहत होता, आणि रीत मोडता येत नव्हती.

गलका झाला. घाईत ठरलं, पुन्हा ठरवू, असं लोक म्हणायला लागले. घरच्यांना कशाला शिक्षा, असंही म्हणाले, अगदी माझेच शब्द. पाटलांनी हात वर केला. रीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणाले, ज्याची करवंटी पालथी तोच मागणी करू शकतो.

सगळी शेड माझ्याकडे वळली.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मी मिश्रीची डबी काढली. सावकाश उघडली. एक बोट दाताला लावलं. जनार्दन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी," एवढंच म्हणाला.

"भाऊजी, मगाशी बरंच बोलत होतात."

शालन पोराला कडेवर घेऊन पुढे आली. ती माझ्या पायाला हात लावायला वाकायच्या आत मी पाय मागे घेतले. तिचा यात काही दोष नव्हता आणि तिच्याकडून पाया पडवून घ्यायची मला हौस नव्हती. पडायचंच असेल तर दुसऱ्याने पडावं.

मी पाटलांना म्हटलं, "करवंटी माझ्या बोटीची आहे. बोट चालवतो तो बाहेर बसलाय. मागणी करायची की नाही ते तो सांगेल. आत बोलवा त्याला."

यावर पुन्हा गलका. बाहेरच्याला गावकीत पाऊल नाही, असं कधी झालेलं नाही, उद्या कुणीही येईल. मी डबी बंद केली आणि म्हटलं की बरं तर, राहू दे, शिक्षा कायम, मला घरी चूल पेटवायची आहे. आणि पदर खोचून उठले.

जनार्दन स्वतः दारापर्यंत गेला. तिथे थोडा थांबला. मग म्हणाला, "आत ये. ये आत, टेकबहादूर."

टेकबहादूर सुई हातात घेऊनच आत आला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. तू म्हणालास तर शिक्षा बदलेल, नाही म्हणालास तर हे सगळे जातील. त्याने महेंद्रकडे पाहिलं, शालनच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "सुनमाया सकाळपासून भांडी बांधून बसली आहे. आधी तिला सांगून येतो की सोड."

आणि निघून गेला.

सगळी गावकी, बोटवाले, पाटील, मास्तर, सगळे वाट बघत बसले. कुणी बिडीसुद्धा पेटवली नाही. जनार्दन उभाच होता. माझ्या मनात आलं, हा परत आलाच नाही तर? त्याने बायको-पोरगी घेऊन सरळ एस्टी धरली तर? त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. मी तर नसतंच ठेवलं. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की मला बोटीची काळजी वाटत नाहीये, त्याची वाटतेय.

तो आला. दारात पाय पुसले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"घालवू नका," तो म्हणाला. "याला घालवलात तर हा दुसऱ्या बंदरात जाऊन चोरी करणार, आणि तिथे नाव आमच्यातल्याच कुणाचं येणार. आमची माणसं सगळ्या बंदरांत आहेत. याला इथेच ठेवा, सगळ्यांच्या समोर."

मास्तरांनी हातातल्या कात्रणाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"ठेवायचा कुठे?" पाटलांनी विचारलं. "तीन बोटींचे मालक त्याला आपल्या बोटीवर घेतील असं वाटत नाही."

"माझ्या बोटीवर द्या. एक माणूस कमी आहे."

'माझ्या बोटीवर' म्हणाला तो. मी त्याला दुरुस्त केलं नाही. मी फक्त पुढे वाकून सांगितलं की पालथ्या करवंटीची मागणी आहे, शिक्षा बदला. एक हंगाम, बिनहिश्शाने, माझ्या तांडेलाच्या हाताखाली, हिस्सा ज्यांचे पंखे गेले त्यांना. सगळ्या करवंट्या एका झटक्यात उताण्या झाल्या, जनार्दनची सगळ्यांत आधी. त्याचा तो दुसरा ठराव कुणी काढला नाही, त्यानेही नाही.

पौर्णिमेनंतर बोट निघाली तेव्हा महेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. टेकबहादूरने तो काढायला लावला आणि त्याच्या हातात पाणी उपसायचा डबा दिला. किनारा दिसेनासा व्हायच्या आत महेंद्र कठड्यावरून वाकून ओकत होता. कोळ्याचा पोरगा, पण वर्षानुवर्षं नाक्यावर बसून समुद्र विसरला होता. जनार्दन रोज जेटीवर येऊन बोट परतायची वाट बघायचा आणि मी आले की दुसरीकडे बघायचा. मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायचे.

हंगाम संपला. बोटी काठावर ओढल्या. मी महेंद्रला बोलावलं आणि म्हटलं, झाली तुझी शिक्षा, जा आता तुझ्या नाक्यावर. तो गेला नाही. तळहाताला घट्टे पडलेले, दाढी वाढलेली, तसाच उभा राहिला.

"तांडेलानं अजून सोडलं नाही," तो म्हणाला.

मी टेकबहादूरकडे पाहिलं. तो शाकारणीचे झाप बांधत होता. त्याने मान वळवली नाही.

"मालकीण, वारा फिरला की अजून ओकतो," तो म्हणाला. "असा कसा सोडू?"